राखीव खेळाडूंच्या सह्या

भैया गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठीच मुगाची खिचडी डब्यात भरत होते. मी "हो, हो" म्हटलं, फोन ठेवला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं... नेणार कुणासाठी होते, देव जाणे. वसंता माझा थोरला भाऊ. रायपूरच्या आमच्यासारख्या मराठी घरांत मोठ्या भावाला भैयाच म्हणतात. त्यानं लग्न केलं नाही, सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि चौबे कॉलनीतल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत जन्म काढला. महिना उलटून गेला. चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसले खरी, पण मला सांगायचंय ते माझ्याच गाढवपणाबद्दल आहे.

भैयाला नाद होता हॉकीवाल्यांच्या सह्या जमवायचा, आणि तोही टपालानं. क्रिकेटवाल्यांची चित्रं आमच्या वेळी च्युइंगमसोबत मिळायची. हॉकीवाल्यांची कोण छापणार? मग हा स्वतःच कार्डं करायचा. पेपरातला फोटो कापायचा, जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चिकटवायचा, खाली सहीपुरती पांढरी पट्टी सोडायची आणि मागे मोत्यासारख्या अक्षरात नाव, गाव, खेळायची जागा. एकेका खेळाडूची दोन कार्डं. एक सही करून परत पाठवायला, दुसरं त्याचं त्याला ठेवायला. सोबत पत्र, आणि तिकीट लावून आपलाच पत्ता घातलेलं पाकीट, म्हणजे समोरच्याला काही खर्च नको. कचेरी शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला गेली तेव्हा याची तक्रार काय, तर "रस्ते बघ केवढे मोठे, अन् टपालपेटी एक सापडेल तर शपथ!" मग संध्याकाळी बसमधून उतरून वाकडी वाट करून मोठ्या पोस्टात जायचा, तेव्हा कुठं घरी.

त्यातही त्याचा एक नेम होता. कप्तानाला कधी लिहायचं नाही. लिहायचं ते राखीव गोलकीपरला, बाकावर बसून राहणाऱ्याला, एकच सामना खेळून परत गेलेल्याला. मी चिडवायचे, "काय रे भैया, याचं नाव याच्या शेजाऱ्याले तरी माहीत आहे का?" तो शांतपणे डिंक लावत म्हणायचा, "म्हणूनच त लिहून राहिलो. कप्तानाले सारेच लिहितात. याले कोण लिहिते, सांग बरं?" एका राखीव गोलकीपरनं उत्तरात कळवलं होतं की दुसरं कार्ड आईनं देवघराशेजारी लावलंय, घरात त्याचा खेळातला दुसरा फोटोच नाही. ते पत्र भैयानं मला चार वेळा वाचून दाखवलं. मी प्रत्येक वेळी "ऐकलं रे बाबा" म्हणत भाजी चिरत राहिले.

या वेळी तो दवाखान्यात गेला तो उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, औषधाचं काही असेल. तर म्हणाला, "टेबलावर सारं तयार आहे. तेवढं पाकिटात भरून टाकून दे. त्या पोट्टीचा पहिलाच दौरा होता, अन् सारा वेळ बाकावरच बसली बिचारी." मी वैतागले. इथं डॉक्टर काय सांगतात आणि याला कुणा हॉकीवाल्या पोरीची सही हवी! पण त्यानं मागितलेलं ते शेवटचंच असेल की काय, असं मनात आलं आणि मी गेले. चष्मा राहिला दवाखान्यात. टेबलावर दोन कार्डं, पत्र आणि दोन पाकिटं होती. दोन्हींवर तिकिटं, दोन्हींवर त्याचंच अक्षर. एक पाकीट घडी करून दुसऱ्यात घातलं, कार्डं-पत्र घातलं, चिकटवलं आणि टाकून आले.

टपाल टाकल्यापासून पाचव्या दिवशी पोस्टमननं फाटकातून हाक मारली, "दीदी, भैया का लिफाफा!" मी रिक्षा करून धावत गेले. उत्तराला तीन-तीन महिने लागतात असं हा म्हणायचा, आणि मी टाकलेल्याचं पाच दिवसांत आलं! वॉर्डात शिरताच ऐकवलं, "बघ! याले म्हणतात हात." भैयानं पाकीट उघडलं, आत पाहिलं. मग बंद करून उशीखाली ठेवलं. "आली गं सही."

"दाखव ना मले."

"तुह्या हाताले घाम आहे, शाई पसरन. घरी गेल्यावर पाहू." आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, "मेरी बहन के हाथ में जस है, काका." माझ्या हाताला यश म्हणे! मी दिवसभर हवेत होते. त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

तेरावं झाल्यावर त्याची पिशवी उपसली. म्हटलं, कार्ड अल्बमात लावू. पाकिटात दोन्ही कार्डं निघाली, दोन्हींच्या पट्ट्या कोऱ्या. त्याचं पत्र, घडीही न मोडलेलं. आणि घडी केलेलं दुसरं पाकीट, त्यावर त्या मुलीचा पत्ता. म्हणजे मी मुलीचं पाकीट आत घालून आमच्याच घरच्या पत्त्यावर टपाल टाकलं होतं! त्याला ते पाहताक्षणी कळलं असणार. जन्मभर मी त्याला वेंधळा म्हटलं, चारचौघांत म्हटलं, आणि त्यानं एका शब्दानं... "पुन्हा टाक" एवढं तरी म्हणायचं! मी लगेच गेले असते. पण मला वाईट वाटलं असतं, म्हणून त्यानं ती सही सोडून दिली. सरणापाशी मी धीरानं उभी होते. त्या दुपारी वरच्या खोलीत जमिनीवर बसून मात्र ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी परतीचं नवं पाकीट घालून, चष्मा लावून गेले. मोठ्या पोस्टाच्या पेटीपुढं उभी राहून पत्ता दोनदा मोठ्यानं वाचला, लोक बघायला लागले तरी. त्याच्या पत्राखाली, मला जमेल तशा हिंदीत, मी तीन ओळी वाढवल्या होत्या : बेटी, उशीर झाला तो माझ्या चुकीनं. हे लिहिणारा माझा भाऊ आता नाही. सही करशील तेव्हा वर त्याचंच नाव घाल.

'चूक माझी' हे त्याला म्हणायचं राहिलं, ते एका अनोळखी पोरीला लिहिलं. उत्तर अजून नाही. तीन महिने लागतात, मला ठाऊक आहे. नाहीच आलं, तर पेपरातला तिचा फोटो कापून नवी कार्डं करीन आणि पुन्हा पाठवीन. कात्री त्याच्या टेबलावर आहे, त्यानं ठेवली तिथंच.