शाफ्टावर ठेवलेला दोरा

आदरणीय श्री. सेतुमाधवराव यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा मला संकोच वाटला. रावसाहेबांचे सहकारी आणि शिष्य या ग्रंथात आहेतच. मी त्यांचा केवळ एक ग्राहक. तोही खऱ्या ग्राहकाच्या मागे छत्री धरून उभा राहिलेला. खरा ग्राहक म्हणजे माझी पत्नी, कै. शारदा.

आमची पहिली भेट नव्या शतकाच्या आरंभी, रावसाहेबांच्या अंबत्तूर येथील कारखान्यात झाली. शारदेच्या वडिलांची, अप्पांची, मदुरांतकमजवळ भातशेती होती. ती शेती आणि त्यांचा जुना ट्रॅक्टर यांची देखभाल ती शहरातल्या, वेस्ट मांबलमच्या आमच्या बिऱ्हाडातून करीत असे. ट्रॅक्टरच्या डाव्या मागच्या चाकाच्या शाफ्टावरून तेल गळे आणि ब्रेक भिजत. फिरत्या शाफ्टाला बिलगून तेल आत अडविणारे रबराचे कडे, म्हणजे सील, पुनःपुन्हा बदलून झाले होते. शेवटी तालुक्याच्या गावी कोणी शाफ्टच लेथवर घासून लखलखीत करून दिला. तरीही गळती थांबेना.

"शाफ्ट तर आरशासारखा आहे," मी म्हणालो.

"तोंड बघायला आणलात काय, सार?" रावसाहेबांनी विचारले. मग माझ्याकडे पाठ करून ते शारदेला म्हणाले, "अम्मा, मालक तुम्ही ना? इकडे या. मालकांनी बघावं, हा इथला नियम."

त्यांनी शाफ्ट आडवा बांधला, त्यावर दोरा टाकला, खाली लोंबणाऱ्या टोकांना लहानसा नट बांधला आणि शाफ्ट अगदी सावकाश फिरवू लागले. दोरा जागेवर राहीना. कोणी बोट धरून न्यावे तसा तो बाहेरच्या बाजूस सरकत गेला. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

"हत्यारानं स्क्रूसारखे आटे ठेवलेत. तुम्हांला दिसत नाहीत, तेलाला दिसतात," रावसाहेब म्हणाले. "चाक फिरलं की हा शाफ्टच तेल बाहेर पोचवतो. बिचाऱ्या सीलवर कशाला रागावता?"

शारदा मात्र दोऱ्याकडे पाहत होती. "रावसाहेब, हा तर पोतं शिवायचा दोरा. यानं काय बारीक कळणार?"

"अय्यो! लेथवाल्याला शिवण शिकवता काय, अम्मा?"

तिने पिशवीतून साडीला फॉल लावायच्या दोऱ्याचे रीळ काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्या बारीक दोऱ्याने तीच गोष्ट अधिक स्पष्ट दाखविली. रावसाहेब मोठ्याने हसले. "सरी, सरी! बरोबर आहे, अम्मा. हे रीळ आता इथंच राहणार."

"ठेवा. पण परत मागेन हं," शारदा म्हणाली.

रावसाहेब अभियांत्रिकीची पदविका घेतलेले. एका मोठ्या कारखान्यातील फोरमनची जागा सोडून त्यांनी जुन्या ट्रॅक्टरांचे काम पत्करले, कारण ज्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले त्या यंत्रांना वाली नव्हता. झिजलेल्या जागी ते पोलादाची पातळ बाही, म्हणजे शाफ्टावर घट्ट बसणारी नळी, गरम करून चढवितात आणि ती आटे न उमटतील अशा रीतीने घासतात. सील बसविताना शाफ्टाच्या टोकावरच्या दातांनी त्याचा ओठ, म्हणजे शाफ्टाला टेकणारी नाजूक कड, कापला जाऊ नये, म्हणून ते दातांवर दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा गुंडाळतात. तिरुवळ्ळूरचे एक गृहस्थ माझ्यादेखत घाई करू लागले, "नुसतं सील बदला, बाकी देव बघेल." रावसाहेब म्हणाले, "मग देवाकडेच न्या. त्याचं वर्कशॉप मोठं आहे." ते गृहस्थ संतापून बाहेर गेले आणि चहा पिऊन मुकाट्याने परत आले. रावसाहेबांनी त्यांनाही दोरा दाखविला.

पुढे शारदा आजारी पडली. रावसाहेब इस्पितळात येत, ते प्रकृतीची चौकशी न करता थेट विचारीत, "अम्मा, डावं चाक कोरडं ना?" त्या प्रश्नाने तिला जेवढी हुशारी येई, तेवढी आम्हां सर्वांच्या सांत्वनाने येत नसे. एकदा तिने त्यांच्यादेखत मला सांगितले, "अहो, माझ्यामागे अप्पांचा ट्रॅक्टर भंगारात घालू नका. निदान तुम्ही स्वतः पाहून ठरवा." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

त्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर उजव्या चाकातून तेल गळू लागले. कालव्याच्या कडेने जाताना ब्रेक लागेना, आणि चालक थोडक्यात वाचला. माझे मेहुणे, शारदेचे धाकटे बंधू, भंगारवाल्याला बोलावून मोकळे झाले. त्यांचे चुकत होते असे नाही. माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. शेतीतले मला काही कळत नव्हते. मी रावसाहेबांना दूरध्वनी केला.

त्यांनी शाफ्ट अंबत्तूरला मागवून घेतला. काम झाल्यावर तो मोटारीतून पाठविता आला असता. सत्तरी उलटलेले रावसाहेब स्वतः तो घेऊन मदुरांतकमला आले. ओसरीवर लाकडाचे दोन खाचा पाडलेले ठोकळे त्यांनी पाणसळ लावून समपातळीत मांडले आणि त्यांवर शाफ्ट आडवा ठेवला. मी नेहमीप्रमाणे मागे उभा होतो.

"सार, पुढे या. आता मालक तुम्ही."

मेहुणेही वाकून पाहू लागले. रावसाहेबांनी खिशातून रीळ काढले. ते मी ओळखले. त्यांनी दोरा टाकला, नट बांधला आणि मला म्हणाले, "फिरवा." मी आयुष्यात प्रथमच शाफ्टाला हात लावला. एका बाजूने फिरविला, मग उलट फिरविला. शाफ्ट फिरत होता आणि दोरा होता तिथेच होता. इतकी स्थिर वस्तू मी त्या वर्षभरात पाहिली नव्हती.

मेहुणे सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "भावजी, भंगारवाल्याला मी सांगतो." त्या हंगामाची नांगरणी अप्पांच्या ट्रॅक्टरनेच झाली. उजवे चाक आजही कोरडे आहे.

निघताना रावसाहेबांनी ते रीळ माझ्यासमोर धरले. "अम्मांनी परत मागेन म्हटलं होतं. मी विसरलो नाही."

मी म्हणालो, "मग तिलाच द्या. ती मागेल तेव्हा."

रावसाहेबांनी ते परत खिशात ठेवले. एका परीक्षेला हातभर दोरा लागतो, आणि रिळावर अजून पुष्कळ दोरा आहे. तो सगळा त्यांच्या हातून, निरोगी डोळ्यांनी आणि न थरथरणाऱ्या बोटांनी वापरला जावो. शारदेला माझी एवढीच विनंती आहे, की तिने ते रीळ परत मागण्याची मुळीच घाई करू नये.