लोणारच्या काठावर सल्लागारांची सहल

लोणारला जायचं कितीतरी वर्षं मनात होतं, पण मुहूर्त लागला तो एका समितीमुळे. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे आणि सध्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेलाय. त्याची मुलगी पूर्वा मेहकरजवळच्या एका खासगी निवासी शाळेत पाचवीत शिकते. शाळा जवानांच्या मुलांसाठी आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे वडील देशाबाहेर तैनात आहेत. अशा घरांच्या अडचणी ऐकायला शाळेनं एक पालक सल्लागार समिती नेमली. तिची बैठक मात्र शाळेत न ठेवता लोणारच्या हॉटेलात ठेवली, कारण अडचणी सरोवराच्या काठावर जास्त नीट ऐकू येतात. माझी भावजय वनिता या समितीवर आहे. तिचा फोन आला, "ताई, तुमच्या गाडीत मले घेऊन चला ना. एकटीले तिथं कोण इचारते?"

सकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघाले. जालन्यापर्यंत रस्त्याला नावं ठेवायला जागा नाही. सिंदखेडराजा सोडून साखरखेर्ड्याकडे वळलं की मात्र आपण गाडी चालवत नाही, गाडी आपल्याला चालवते. चहा-नाश्ता सिंदखेडराजातच उरकून घ्या. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुलली होती, आणि शेतात थांबून फोटो काढले तरी कुणी हटकत नाही, उलट "कुठल्या गावच्या?" म्हणून चौकशी होते.

साखरखेर्डा माझं माहेर, वनिता तिथंच राहते. दारात शेजारच्या काकूंचा "जय भीम, ताई" झाला, भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा पोटात गेला आणि मग वनिता बोलती झाली.

"रविवारी सकाळीच पोरीहिले फोन देतेत. तवा तिकडं अंधार असते. अन् नेट हाय ते कॅम्पातल्या एका खोलीत. ते खोली आपल्या इकडं संध्याकाळ झाल्यावरच उघडते. इकडं रिंग वाजत राह्यते, तिकडं कोणी घेत नाही."

"मग पूर्वाला सांगितलंस ना तसं?"

"लय खेपा सांगतलं. म्हणते, बाकीच्याहिचे पप्पा उचलतेत, माहे काऊन नाही उचलत? आता फोनच्या लाइनीत उभीच नाही राहत ते. दिवाळीत इथून लावून देला तं म्हणे, मले नाही बोलाचं."

वेळ बदला, एवढीच वनिताची मागणी. मुख्याध्यापक म्हणाले, समितीसमोर मांडा. गेल्या बैठकीत मांडलं तर समिती म्हणाली, आम्ही फक्त सल्ला देतो, ठरवायचं सरांनी. सर म्हणाले, समितीचा सल्ला आल्याशिवाय मी कसं ठरवू? एका पोरीचा बाप या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत अडकून पडला होता. ऐकून मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी मेहकरमार्गे लोणार. मेहकरात गरम आलूबोंडे खा, दोघींचं पोट शंभराच्या नोटेत भरतं. बैठकीला वेळ होता म्हणून सरोवरात उतरलो. चपला घालून उतरू नका, वाट निसरडी आहे, आणि पाणी सोबत ठेवा. खाली मोर होते, झाडीत बुडालेली जुनी देवळं होती आणि पाण्याचा तो खारट, कुजकट वास होता. आकाशातून धोंडा पडून एवढं मोठं काही तयार होतं, हे खाली उभं राहिल्यावरच पटतं. वनिता मात्र घाटाच्या पायरीवर बसून मनाशी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, बिचारी भाषणाच्या धास्तीनं पाठ करतेय.

मग वर हॉटेलात आलो. अध्यक्ष म्हणजे तालुक्यातले एक पुढारी, बाजूला त्यांचे व्याही, मग शाळेला गणवेश पुरवणारे कापडवाले आणि एक 'शिक्षणप्रेमी'. शिक्षणावर एवढं प्रेम की स्वतःची मुलं त्यांनी पुण्याला शिकायला ठेवली आहेत. यातल्या एकाचंही मूल या शाळेत नाही. खरीखुरी पालक वनिता एकटी, आणि बाई म्हणून तिला आभारप्रदर्शन दिलेलं.

दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार सुरू झाले. मुख्याध्यापकांनी अध्यक्षांचा केला, अध्यक्षांनी मुख्याध्यापकांचा, व्याह्यांनी व्याह्यांचा. शाल अंगावर पडली की फोटो, नारळ हातात आला की पुन्हा फोटो. मी मागच्या खुर्चीवर बसून दात ओठ खात होते. जवान सीमेवर जागतो म्हणून आपण सुखानं झोपतो, असं शिक्षणप्रेमींनी आवाज चढवून सांगितलं, तेव्हा कापडवाले खरोखरच झोपले होते.

वनिताचा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' या सदरात शेवटी होता. तेवढ्यात वेटर येऊन सांगून गेला, जेवण लागलंय. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "आयत्या वेळचे विषय पुढच्या बैठकीत घेऊ. जेवण थंडं होऊन राह्यलं. आभार उरका, वहिनी."

मी उठणारच होते, तोंडावर चार शब्द सुनावायला. वनितानं मागे वळून मला डोळ्यांनीच खाली बसवलं, पदर सारखा केला आणि माइक घेतला.

तिनं हॉटेलवाल्यांचे आभार मानले, माइकवाल्याचे मानले. मग त्याच सुरात म्हणाली, "आपल्या अध्यक्ष साहेबाहिनं आणि मुख्याध्यापक सराहिनं या रविवारपासून लेकराहिले संध्याकाळी फोन द्यायचं मोठ्या मनानं कबूल केलं. परदेशातल्या समद्या जवानाहिच्या वतीनं मी त्याहिचे आभार मानते. जोरदार टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. आभाराला टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून वाजल्या. कापडवाले टाळ्यांनी जागे झाले आणि सगळ्यात जोरात वाजवू लागले. मुख्याध्यापकांनी गोंधळून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांचे हात सवयीनं जोडले गेले होते आणि समोर फोटोवाला वाकून उभा होता. "अहो, ते तं आमचं कर्तव्यच हाय," अध्यक्ष म्हणाले. फोटो निघाला.

परतीच्या वाटेवर मला हसू आवरेना. "हे केव्हा ठरवलंस गं?"

"त्याच्यात काय ठरवाचं, ताई? मागणी केली का समदे अडवतेत. आभार मानताना आजवर कोणी कोणाले अडवलं का?"

घरी येऊन हे लिहायला घेतलं तर वनितानं स्थानिक पेपरातलं कात्रण पाठवलं. 'अध्यक्षांच्या पुढाकाराने जवानांच्या पाल्यांना दिलासा.' फोटोत शाली घातलेले सगळे होते. वनिताचा फक्त खांदा दिसत होता. मी चिडून फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "छापू द्या. आता मागं घ्याले तोंड राह्यलं का त्याहिले?"

लोणारला जरूर जा, हिवाळ्यात जा. मला ते सरोवर पुन्हा निवांत बघायचंय, या वेळी बघितलं तेव्हा डोक्यात समितीच होती. असल्या समित्यांबद्दल माझं मत मात्र होतं तेच आहे, फोटो काढून झाला की त्या विसर्जित कराव्यात.

रविवारी संध्याकाळी पूर्वा लाइनीत उभी राहायला तयार नव्हती, मॅडमनी हात धरून आणली, असं वनिताला नंतर कळलं. भावानं पहिल्याच रिंगला उचलला. पूर्वानं त्याचा आवाज ऐकला. तिनं फोन कट केला आणि परत लावला. त्यानं परत उचलला. तिनं परत कट केला. मागची मुलं ओरडायला लागली, मॅडम रागावल्या, तरी ती लावतच राहिली, आणि प्रत्येक वेळी तो उचलत राहिला.