रक्तातलं शिसं

"तुम्ही काम काय करता?" नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं. मी सांगितलं, नेमबाजी केंद्रात काडतुसांचं स्टोअर सांभाळतो. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. तोवर चार डॉक्टर झाले होते. हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टेस्टचं नाव ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तात शिसं किती आहे ते. माझा आकडा अठ्ठ्याहत्तर होता. मी विचारलं, किती असायला पाहिजे? मॅडम म्हणाल्या, "शरीराला शिशाची गरजच नाही. ते जितकं कमी तितकं चांगलं. पाचाच्या वर गेलं तरी आम्ही कारण शोधतो."

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि भंडाऱ्याजवळ शहापूरला घरी आलो. जवळच एका खाजगी नेमबाजी केंद्रात नोकरी लागली. लहान रायफलीच्या गोळ्यांची खोकी मोजायची, ट्रेमध्ये काढून द्यायची, उरलेल्या परत घ्यायच्या. या गोळ्यांचं टोक उघड्या शिशाचं असतं. दिवसभर हाताळल्या की बोटं करडी होतात. संध्याकाळी निशाण्यांच्या मागची धूळ झाडणंही माझ्याकडेच होतं. स्टोअरला खिडकी नव्हती. त्याच टेबलावर मी डबा खायचो. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचो तोही त्याच हातांनी, आणि दिवसातून आठ-दहा वेळा तोंडात टाकायचो. फौजेत बंदुकीपासून कसं वाचायचं ते शिकवलं होतं. गोळी न झाडताही माणसाच्या अंगात जाते, हे मला माहीत नव्हतं.

सुरुवात पोटदुखीने झाली. आतडी कोणी पिळतंय असं वाटायचं. आठवडाभर शौचाला व्हायचं नाही. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने अपेंडिक्सचा संशय घेतला. तिसऱ्याने माझा चेहरा पाहून बायकोला बाजूला घेऊन विचारलं, हे पितात का? सुनीता म्हणाली, "नाई जी, खर्रा सोडून यायले काईच शौक नाई." चौथ्याने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग स्वभाव बिघडला. मी कारण नसताना ओरडायला लागलो. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून एकदा ताट भिरकावलं. आमची पूर्वा तेव्हा चार वर्षांची होती. ती दाराआड जाऊन उभी राहिली. नंतर उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. मनगट उचलणारी नस काम करेनाशी होते. शर्टाची बटणं सुनीता लावून द्यायची. तेव्हा कुठे आम्ही नागपूर गाठलं.

मला भरती केलं. उपचाराचं नाव चिलेशन थेरपी. औषध रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पण हाडांत मुरलेलं शिसं पुन्हा हळूहळू रक्तात येतं, म्हणून थांबून थांबून औषध द्यावं लागतं. सलाइनकडे बघत पडलो असताना मॅडम राउंडला आल्या.

"घरी लहान मूल आहे का?"

"आहे ना. चार वर्षांची पोरगी."

"उद्याच घेऊन या."

पूर्वा आम्हाला लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. दोन वर्षांची असताना ती धडाधडा बोलायची. वर्षभरापासून गप्प झाली होती. अंगणवाडीच्या ताई सुनीताला म्हणाल्या होत्या, "पोरगी चिडचिड करते, शिकवलेलं ध्यानात राहत नाई, माती खाते." आम्हाला वाटलं, नजर लागली असेल.

मुलांच्या वॉर्डात तिचं रक्त घेतलं, पोटाचा एक्स-रे काढला. मॅडमनी फिल्म उजेडासमोर धरली. पोटात एक लखलखीत पांढरा ठिपका होता आणि खाली दोन बारीक कण. हाडही इतकं पांढरं दिसत नाही.

"ही कशाशी खेळते?" त्यांनी विचारलं.

सुनीता म्हणाली, भातुकलीच्या भांड्यांशी. मला मात्र फिल्म बघताच कळलं होतं. निशाण्यामागच्या लोखंडी पत्र्यावर आदळून गोळ्या चपट्या होतात. छोट्या, गोल, पुरीसारख्या. पूर्वाच्या भातुकलीसाठी त्या मीच खिशातून आणायचो. तिच्या इवल्याशा कढईत त्या अगदी शोभायच्या. ती मला वाढायची आणि म्हणायची, "बाबा, जेव." मी खोटं खोटं खायचो. ती खरं खायची.

मी मॅडमना हे सांगितलं. सुनीता शेजारी उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. मला वाटतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तुमाले माईत होतं काय, हे जहर हाय म्हणून?"

"नाई."

"मंग मी तुमाले काय बोलू?"

पूर्वाचा आकडा बावन्न होता. मोठ्या माणसापेक्षा मुलाच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं आणि वाढत्या मेंदूवर बसतं, असं मॅडमनी समजावलं. आधी होल बॉवेल इरिगेशन केलं, म्हणजे नाकातून नळी घालून एक पातळ औषध पोटात सोडत राहायचं, आतडी धुऊन निघेपर्यंत. नळी घालताना तिला दोन नर्सनी धरलं होतं. मला सलाइनसकट चाकाच्या खुर्चीवर तिथे आणलं होतं. ती माझ्याकडे बघून हाका मारत होती आणि माझा एक हात सलाइनला बांधलेला, दुसरा लुळा. दोन दिवसांनी एक्स-रे कोरा आला. मग तिचंही चिलेशन सुरू झालं.

एकोणीस दिवस आम्ही दोघं एकाच दवाखान्यात वेगवेगळ्या मजल्यांवर होतो. सुनीता जिना चढ-उतर करायची. तिचंही रक्त तपासलं. माझे कपडे ती हातांनी धुवायची, म्हणून तिच्यातही शिसं निघालं. औषध लागावं इतकं नव्हतं.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर त्या नोकरीवर गेलो नाही. आता एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. पण एकदा केंद्रात मुद्दाम जाऊन आलो. माझ्या जागी दिलीप नावाचा माणूस लागला होता. तो कोरड्या झाडूने निशाण्यांमागची धूळ झाडून राहिला होता. मी त्याला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "भाऊ, मले तं काईच होऊन नाई राहिलं." मी म्हणालो, मलाही दोन वर्षं काही झालं नव्हतं. मग त्याला पूर्वाचा एक्स-रे दाखवला. त्याच्या घरीही तान्ही मुलगी होती. पुढच्या आठवड्यात त्याने तपासणी करून घेतली. आकडा वाढलेलाच होता, पण वेळेत कळलं.

कोणी असं काम करत असेल, तर त्याला माझं हेच सांगणं आहे. त्या खोलीत खाऊ नका, खर्रा-तंबाखू तोंडात टाकू नका. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात साबणाने धुवा, कपडे आणि बूट तिथेच बदला, आणि मगच लेकराला उचला. तिथली कोणतीच वस्तू घरी आणू नका. पोट दुखलं तर डॉक्टरने न विचारताही आपलं काम सांगा. नागपूरच्या मॅडमनी तो प्रश्न विचारला नसता, तर आज मी हे सांगायला असतो की नाही, माहीत नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. माझं मनगट बरंचसं सुधारलं, चमचा धरता येतो. पूर्वा पहिलीत आहे. ती बोलते, हसते, पण अक्षरं तिच्याजवळ टिकत नाहीत. आज शिकलेलं उद्या पुसलं जातं. मॅडमना विचारलं, हे शिशामुळेच का? त्या म्हणाल्या, "काही मुलं तशीही उशिरा शिकतात. किती कशामुळे, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही." या उत्तरासोबतच मला जगायचं आहे.

परवा शाळेतून आली ती दप्तर टाकून माझ्यासमोर बसली. वर्गात सगळ्यांनी धडा वाचला होता.

"बाबा, मलेच काहून येत नाई?"

सुनीता स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात थांबली. मी ठरवलं होतं, हिला कधीही खोटं सांगायचं नाही.

"तुही चूक नाई बेटा," मी म्हणालो. "माह्या हातून एक चूक झाली होती. त्याच्यानं तुले तरास होते."

तिने दप्तर ओढून जवळ घेतलं. मग पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं.

"मंग तू शिकव मले."

आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली.