काट्यांचं कडियाळ

कापसाला भाव उरला नव्हता त्या वर्षांत आमच्या यांनी नवरदेव मिरवायला एक पांढरी घोडी घेतली. घोडी देखणी, पण ओढायची फार. लगाम आवळला की मान पुढे काढून सगळा भार तोंडातल्या लोखंडी कडियाळावर टाकायची, आणि हे बाजूने फरफटत जायचे. ढाणकीच्या वरातीत तर ती नवरदेवासकट स्वयंपाकाच्या मांडवात शिरली. नवरदेव उतरला तो बुंदीच्या घमेल्यापुढे.

हे घरी येऊन म्हणाले, "आता उमरखेडचं लग्न हाये. तिथंही तमाशा केला, तं इले बजारात इकून टाकतो."

त्यासाठी त्यांनी काट्यांचं कडियाळ आणलं. "आता पाह्य, कशी ओढते तं!"

मी हो म्हटलं. पण माझे बाबा टांगा हाकायचे. ते म्हणायचे, रेलणाऱ्याला भिंत दिली तर तो सरळ उभा कशाला राहील? म्हणून त्यांचं कडियाळ दोन तुकड्यांचं, मधे जोड असलेलं होतं. ते तोंडात हलत राहतं, टेकायला जागाच देत नाही. काटे टोचले तर घोडी दुखण्यापासून पळायला आणखी ओढणार. हे यांना सांगायचं कसं? मी बोलत नाही म्हणजे मला काही कळत नाही, असा घरात समज होता. तो मोडायची मला घाई नव्हती.

कडियाळ घालायचं काम माझंच. यांच्यासाठी ती तोंड उघडायची नाही. लग्नाच्या सकाळी मी लगामाला माहेरून आणून ठेवलेलं बाबांचं कडियाळ अडकवलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत.

झूल सावरायला मी वरातीत मागे होते. बँड सुरू झाला, घोडीने मान पुढे काढली. एरवी यांनी जोर लावला असता. पण काट्यांनी रक्त आलं तर चारचौघांत शोभा होईल, या धास्तीने यांनी लगाम दोन बोटांत धरला आणि लगेच सैल सोडला. भार टाकायला काही सापडेना, तशी घोडी मान आवरून मुकाट चालू लागली.

नवरदेवाचा मामा म्हणाला, "काहून गा, ढाणकीची बुंदीवाली हेच ना?"

"हेच. काट्याचं घातलं म्या. नुसती बोटं लावा लागते."

"दाखवा बरं. माह्या घोड्यालेही घेतो."

वरात दारात पोचल्यावर यांनी मोठ्या ऐटीत घोडीचे ओठ वर केले. आत पाहिलं. मग मानेवरून माझ्याकडे पाहिलं. मी झुलीचं गोंड्याचं टोक अगदी मन लावून सरळ करत होते.

ओठ सोडून हे मामाला म्हणाले, "लोकायपुढं नाई उघडत ती."

टेम्पोत घोडी चढवल्यावर यांनी हळूच विचारलं, "काटे कुठं गेले वं?"

"खुराड्याच्या दाराले लावले. मांजर येत होतं."

यांनी टेम्पोचं फळकं लावून घेतलं. मग मीच विचारलं, "बजारात कधी नेता इले?"

"नेतो ना," हे म्हणाले, "पण गिऱ्हाइकानं दात पाह्यतो म्हटलं, तं तोंड कोण उघडून देईन? तुलेही संगं द्या लागन."