भोंग्याने वाटून ठेवलेलं गाणं

भोंग्याला हळू बोलता यायचं नाही. ऑकलंडच्या हेन्डरसन भागात कोपऱ्यावरच्या डेअरीत त्याने दूध मागितलं तरी रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवरची माणसं वळून बघायची. दवाखान्यात गेला की त्याचं पोट दुखतंय हे अख्ख्या वेटिंग रूमला कळायचं. "अरे, जरा हळू," मी म्हणायचे. "हळू बोलायचं ट्रेनिंगच नाही मला." खरंच नव्हतं. त्याचे वडील मालेगावात रिक्षाला भोंगा बांधून साड्यांचे सेल, सर्कशी आणि हरवलेली पोरं पुकारत फिरायचे. हा त्या रिक्षात मागे बसून मोठा झाला. वडिलांचा धडा एकच होता: शेवटच्या घरापर्यंत आवाज गेला पाहिजे, नाहीतर तोंड उघडू नको.

तो रॅपर होता. आपल्या लोकांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हो, पण काम काय करतो?" तर काम सांगते. न्यूझीलंडला शिकायला आला, डिप्लोमा केला आणि पुकेकोहेच्या एका पॅकहाउसमध्ये कांदे निवडायला लागला. पट्ट्यावरून कांदे सरकत येतात. सडका उचलायचा, चांगला पुढे सोडायचा. मालक आपलाच, मराठी. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. त्याचं नाव लिहीत नाही, आमच्या कामगार संघटनेचा वकील नको म्हणालाय. भोंग्याचा व्हिसा या एका मालकाशी बांधलेला. नोकरी गेली की देशातला मुक्कामही गेलाच म्हणून समजा. त्यामुळे सरांनी "आज डबल शिफ्ट मारशील ना रे?" विचारलं की तो प्रश्न नसायचाच.

गणपतीत तो इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर पहिल्यांदा गायला. भाड्याच्या खोलीतली बुरशी, पाच जणांत एक बाथरूम, घरी व्हिडिओ कॉलवर फक्त चांगली भिंत दाखवायची, असं ते गाणं. काकूमंडळींनी त्याला डबे भरून दिले. मग ऑकलंडभर छोटे कार्यक्रम मिळाले. वेलिंग्टनला आम्ही व्हिसावरच्या कामगारांसाठी संसदेसमोर मोर्चा काढला तेव्हा मी त्याला घेऊन गेले. पाऊस होता. मी रात्ररात्र जागून लिहिलेली पत्रकं लोकांनी हसून घेतली आणि ओल्या बाकांवर अंथरली. याने माइक घेतला आणि जाणारी-येणारी माणसं थांबली. परतताना म्हणाला, "पत्रके, तुझ्या कागदावर लोक बसतात. गाण्यावर कुणाला बसता येत नाही." तेव्हापासून मी 'पत्रके'.

तो गाणं लिहून ठेवायचा नाही. पट्ट्याच्या खडखडाटावर ओळी जुळवायचा, शेजारच्याच्या कानात ओरडायचा आणि विचारायचा, "लागलं का?" समोरचा नुसता हसला तर ओळ रद्द. गप्प झाला तर ठेवली.

पॅकहाउसवरचं गाणं मात्र त्याने रेकॉर्डही केलं नाही. एकेक कडवं एकेकाला पाठ करायला दिलं. पट्ट्यावरच्या मंदाताईंना एक, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या, टोंगा बेटांवरून आलेल्या सिओनेला एक, असं पूर्ण शिफ्टभर वाटलं. मी चिडले. "फोनवर टाक, उद्या देशभर जाईल!" तो पहिल्यांदाच हळू बोलला. "आणि परवा मी आणि माझ्यासोबतचे देशाबाहेर. पूर्ण गाणं एकाकडे सापडलं तर तो गेला. तुकडे सगळ्यांकडे असले तर सर कुणाकुणाला काढणार? सगळ्यांना कायमची रेसिडन्सी मिळू दे, मग लावू." मी माझ्यासाठी एक कडवं मागितलं. "तू पट्ट्यावर उभी राहत नाहीस," तो म्हणाला. विषय संपला.

सगळ्यांची रेसिडन्सी व्हायच्या आधीच एका सकाळी डबल शिफ्ट संपवून घरी येताना भोंग्याची गाडी मोटरवेच्या कडेच्या खांबावर आदळली. सव्विसावं चालू होतं त्याला.

शोकसभा पुकेकोहेच्या हॉलमध्ये ठेवली. अध्यक्षस्थानी कोण? सर. कारण गणपतीचा महाप्रसाद दरवर्षी त्यांच्याकडून, आणि मंडळ चालवणाऱ्या डॉक्टरांना दुसरं कुणी सुचलंच नाही. फोटोशेजारी एक फोन टेकवून ठेवला होता. त्यात व्हिडिओ कॉलवर मालेगावहून वडील. सर उभे राहिले. "गुणी पोरगा. पण रात्रभर गाणी करायचा. झोप नाही. मी किती समजावलं! शेवटी त्या नादानेच घात केला." लोकांनी माना हलवल्या. बापाच्या तोंडावर पोराच्या मरणाचा दोष पोराच्याच गाण्यावर टाकला, आणि लोकांनी माना हलवल्या!

सर पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी उठले. डॉक्टरांनी माझा हात धरला. "आज नको गं, प्लीज. श्रद्धांजली आहे." हात झटकला असता. पण बोलणार काय? माझ्याकडे पत्रकं होती. गाणं मागच्या रांगेत, शिफ्टच्या लोकांत बसलं होतं, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाचा व्हिसा पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात होता.

मंदाताई उभ्या राहिल्या. त्यांच्या व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं, दोन पोरं इथल्या शाळेत. आवाज इतका बारीक की पंख्याखाली विरत होता.

"पट्टा थांबत नाही राजा, पट्ट्याला नाही आई,
आमच्या आईला फोन करायला ब्रेकसुद्धा नाही."

सर मागे वळले. कोण ते बघून घेतलं. मंदाताई बसल्या नाहीत. तेवढ्यात सिओने उठला. भोंग्याने त्याला शिकवलं होतं, "ब्रो, साहेब म्हणजे बॉस, पण म्हणताना हसायचं." तो हसला नाही.

"व्हिसा तुझ्या हातामध्ये, माझ्या अंगावर घाम,
आजारी पडलो तरी म्हणतो, साहेब, सांगा काम."

मग एकेक खुर्ची सरकायला लागली. सरांची मान या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे. शेवटी उठला प्रशांत, त्या शेवटच्या डबल शिफ्टला भोंग्याच्या शेजारी पट्ट्यावर उभा असलेला. त्याचे ओठ हलत होते, शब्द कसेबसे बाहेर आले.

"डबल मारून गाडी काढली, डोळ्यात वाळू भरली,
वळण आलं, वळण गेलं, आज तरी वेळ टळली."

हॉल गप्प झाला. "लागलं का?" विचारणारा फोटोत होता.

सर घसा खाकरून म्हणाले, "बरं, आता दोन मिनिटं शांतता..."

"थांबा!" फोनमधून आवाज आला. पन्नास गल्ल्यांत फिरलेला आवाज. टेबलावर फोन थरथरला. "ते शेवटचं पुन्हा म्हणा. मला नीट ऐकू आलं नाही. सगळ्यांनी म्हणा."

प्रशांतने मंदाताईंकडे बघितलं. मग मागच्या रांगेने ते कडवं पुन्हा म्हटलं, एकत्र, आणि या वेळी ते मालेगावातल्या शेवटच्या घरापर्यंत गेलं.