ब्लाऊजवाल्या ताई

दुपारी भाकरी थापत होते, तेवढ्यात 'ब्लाऊजवाल्या ताईं'चा फोन आला. आवाज मात्र कोवळा, अनोळखी. "मी त्यांची मुलगी, दौंडहून बोलतेय. तुमची शनिवारची वेळ होती ना... आई गेली. हार्ट अटॅक." पुढचं मला ऐकूच आलं नाही. जेवायला बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, "कोण गेलं गं?" म्हटलं, "ब्लाऊजवाल्या ताई." "आरारा," ते म्हणाले, "मग आता दुसरीकडं टाक की शिवायला."

त्यांची तरी काय चूक? ताई ब्लाऊज शिवत नव्हत्या. त्या समुपदेशक होत्या आणि दीड वर्ष फोनच्या पडद्यावरून माझ्याशी बोलत होत्या, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही शिक्रापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. नवरा सणसवाडीच्या कंपनीत, जाणं-येणं मोटरसायकलवर, हायवेच्या ट्रकांमधून. कंपनीच्या गेटवर फोन जमा करून घेतात. ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा, हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. ईसीजी काढला तर नॉर्मल. मग डॉक्टरांनीच ताईंचा नंबर दिला. सासूबाईंना कळलं असतं तर 'सून येडी हाय' ही बातमी पार तळेगावच्या बाजारापर्यंत गेली असती.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "ताई, गोळी द्या, नाहीतर काय करायचं ते सांगून टाका." त्या हसल्या. "गोळी मी देत नाही, आणि सांगूनही टाकणार नाही. भीती तुमची, तिला तुम्ही ओळखता. मला चार वाटा माहितीयेत. दोघी मिळून बघू कुठली चालते." मला असला राग आला! एवढी शिकलेली बाई, आणि मलाच विचारते! श्वास मोजायला लावला, तर मला उलट जास्तच गुदमरलं. घाबरत घाबरत तसं सांगितलं. "मग सोडून देऊ. बरं झालं बोललात." फोन ठेवताना दरवेळी विचारायच्या, "आज माझं कुठं चुकलं?" अहो, आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याची शिफ्ट बदलली की त्याही आपली वेळ बदलायच्या. भोंगा ऐकला की मी गॅलरीत धावायचे. त्यावर तोडगा मीच काढला, हातातलं भांडं विसळून झाल्याशिवाय हलायचं नाही. ताई म्हणाल्या, "करून बघा." आणि जमायला लागलं हो!

ब्लाऊजची युक्तीही माझीच. सासूबाई आत आल्या की मी म्हणायचे, "बाही कोपरापर्यंतच ठेवा," की ताई लगेच टेलर व्हायच्या. शिवणातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एकदा ठसक्यात म्हणाल्या, "कंबर चौदा ना?" सासूबाई जागीच थांबल्या. "चौदा? बाहुलीचं शिवतीया का काय ही?" मी पदर तोंडात कोंबून हसले, कितीतरी महिन्यांनी.

शेवटच्या भेटीत एवढंच राहिलं होतं, नवऱ्याला सांगायचं. "कधी, ते तुम्ही ठरवा," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, शनिवारी ठरवू... आणि शनिवारच्या आधीच त्या गेल्या. दौंडला जावंसं फार वाटलं. पण टेलरच्या दहाव्याला कोण जातं? काय सांगून घराबाहेर पडू? भोंगे पुन्हा छातीत घुसायला लागले. भांडं तसंच टाकून मी गॅलरीत.

मागच्या गुरुवारी नवऱ्याला सुट्टी होती, सासूबाई तळेगावला गेलेल्या. सगळं सांगून टाकलं. ताई कोण, मला काय होतं, कशानं होतं. ते खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता काय बोल लावतात कोण जाणे...

"मलाबी व्हतं तसं," ते म्हणाले. "चौकात दोन्हीकडनं ट्रक आलं की हात बधिर पडत्यात. परवा तर गाडी कडंला घेऊन बसलो, उठताच यीना. कुणाला सांगायचं? येडा म्हणत्यात."

मी इथं भोंगे ऐकत होते आणि तिथं हे रस्त्याच्या कडेला एकटे बसले होते. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"त्या ताईंचा नंबर दे की मला."

देवाशपथ सांगते, मीही फोन उघडला आणि त्यांचं नाव शोधून काढलं. मग आम्ही दोघं त्या नावाकडे बघत बसलो.