मेव्लिदाची करडी माशी

मेव्लिदा लॉजच्या जेवणघरात ओल्या बुटांनिशीच शिरली. मी, तिथली स्वयंपाकीण, स्वयंपाकघराच्या दारात खिमा भरलेल्या बुरेकचं ताट घेऊन उभी होते. तिचा चेहरा बघूनच कळलं, आज कुणाची तरी खैर नाही.

साठी उलटलेली ही बाई ऊना नदीवर गळाला लावून मासे भुलवायच्या नकली माश्या बांधणारी. बारीक आकडा, रेशमी धागा, बदकाच्या शेपटीजवळचं पीस. तिची करडी माशी पाण्यावर पडली की खरी कुठली, खोटी कुठली, आम्हालाही कळत नसे. लॉजचा मालक फिक्रेत वर्षानुवर्षं तिच्याकडूनच माल घ्यायचा. यंदा मात्र त्याने स्वतःचा फोटो छापलेल्या डब्या काढल्या: ‘फिक्रेतच्या बारा माश्या’. त्यात तिच्या करडीची नक्कलही होती. पण दुप्पट मोठी, चकचकीत धाग्याची, डोक्यावर सोनेरी मणी ठोकलेली.

मासे पकडायला आलेले पाहुणे चार दिवस नदीवरून रिकाम्या हातांनी परतले. तेव्हा फिक्रेत त्यांना म्हणाला, “मी तरी काय करू? वरच्या लिपोवातले लोक रात्री जाळी टाकून नदी साफ करतात.”

लिपोवा मेव्लिदाचं गाव. माझंही.

तिने एक डबी उचलून पांढऱ्या टेबलक्लॉथवर पालथी केली. “माझ्या गावाला चोर म्हणालास? मासे आहेत तिथेच आहेत, मेल्या! तू त्यांना दागिने खायला घालतोयस!”

“मावशी, पाहुण्यांसमोर...”

“पाहुण्यांसमोरच बोललास ना? मग पाहुण्यांसमोरच ऐक.”

लिंडनर नावाचे म्हातारे ऑस्ट्रियन पाहुणे उठले. “दाखवा आम्हाला,” म्हणाले.

सगळी वरात पुलावर गेली, मीही हातातल्या ताटासकट. मेव्लिदाने कठड्यावरच्या कोळिष्टकाकडे बोट केलं. त्यात तांदळाच्या कणीएवढे करडे कीटक अडकले होते. “आज नदीवर हे उडतंय. आधी हे बघायचं, मग डबी उघडायची. ग्रेलिंग माशाचं तोंड केवढंसं असतं! तो तळातून वर येतो, माशी नीट न्याहाळतो, मगच घेतो. काठाच्या झाडाखालचा ट्राउट हावरट. त्याला संध्याकाळी मोठी तपकिरी चालते. दोघांना एकच ताट वाढशील तर दोघंही उपाशी उठतील.”

तिने लिंडनरांच्या दोरीला आपली बारकी करडी बांधली. तिसऱ्याच फेकीला ग्रेलिंग लागला. पाठीवरचा पर पंख्यासारखा पसरून फडफडत होता. तिने पाण्यातच त्याला सोडवला.

फिक्रेतने टाळ्या वाजवल्या. “पाहिलंत? ही आमची मावशी!”

ती गर्रकन वळली. “मावशी राहू दे. म्हण, लिपोवाचे लोक चोर नाहीत. मोठ्याने म्हण.”

“अगं, मी आपलं सहज बोललो...”

“म्हण!”

तो नुसता हसला. त्याची नजर माझ्यावर आली. “झिनेता, सांग ना हिला, किती ताणते!”

मी ताटाकडे बघत राहिले. मग तेच ताट पाहुण्यांपुढे फिरवू लागले.

मेव्लिदाने लॉजच्या फळीवरच्या आपल्या उरलेल्या सगळ्या माश्या उचलल्या आणि चालू लागली. त्यानंतर फिक्रेत तीनदा तिच्या दारी गेला, एकदा साखर-कॉफी घेऊन. तिने दार उघडलं नाही. पाहुणेच आता तिच्या अंगणात जातात.

मीही गेले होते. तिने दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं.

“फिक्रेत परका आहे, झिनेता. तू कोण होतीस?”

आणि दार लावून घेतलं.